चादरीखालचं वाण

निशातगंज, लखनौ
१५ नोव्हेंबर १९९६

ताई,

नमस्काराच्या ठरीव ओळी सोडून देते. आठ वर्षं एकमेकींशी न बोललेल्या बहिणींनी एकदम 'पत्रास कारण की' म्हणणं मला जमणार नाही.

तुझं पत्र भाऊबिजेला आलं आणि मागोमाग मनीऑर्डर आली. पोस्टमन म्हणाला, "बहनजी, साइन कर दीजिए." मी म्हटलं, "लौटा दीजिए." त्याने पुन्हा विचारलं, कारण या गल्लीत मनीऑर्डर परत करणारं माणूस त्याने पाहिलेलं नव्हतं. तेव्हा पैसे तुला नाशिकला परत मिळतील. रागाने केलं नाही. बरं, थोडं रागानेच केलं.

जगदीशने तुला माझ्यामागे लिहिलं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी त्याला विचारलं, "ताईला तू लिहिलंस?"

"हो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू भाषण केलं असतंस."

मग मी भाषण केलंच.

त्याने लिहिलंय ते बहुतेक खरं आहे. त्याचा कारखाना सरकारदरबारी 'आजारी' ठरला आहे. पगार अर्धा, आणि तोही येईल तेव्हा येईल. कारखाना आजारी पडला की दिल्लीत मंडळ बसतं, तारखा पडतात, आणि मंडळावरच्या लोकांचे पगार मात्र ठणठणीत असतात. हजार माणसांच्या चुली विझवायला एक सही पुरते, आणि त्या सहीला हे लोक धोरण म्हणतात!

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला गिळता आलं नाही. 'आर्याला इकडे पाठव, तेवढाच तुझा एक खर्च कमी होईल.' ताई, हेच तू तिच्या बारशाच्या दिवशी वेगळ्या शब्दांत म्हणाली होतीस. मला एक मुलगी होतीच, तुला मूल नव्हतं, आणि दुसरी मुलगी झाली म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरले होते. तू म्हणालीस, "ही मला दत्तक दे." मी भरल्या घरात तुला काय उत्तर दिलं, ते तुला पाठ असेल. मूल म्हणजे शेजारणीकडून मागून नेण्याचं विरजण नाही, असं मी म्हणाले होते. शब्द कठोर होते. अर्थ आजही तोच आहे. माझ्या घरात पुष्कळ खर्च आहेत. मुलगी हा त्यातला खर्च नाही.

आणि घर कसं चालवायचं ते मला कळतं. शाळेत शिकवते, घरी सहा मुलांची शिकवणी घेते. वर्तमानपत्र बंद केलं, वाचनालयात उभ्याने वाचते. रिक्षा बंद. सानिका दहावीत आहे, तिच्या शिकवणीचे पैसे वाचावेत म्हणून तिचं गणित जगदीश घेतो. दूध निम्म्यावर आणलं, मुली काही आता तान्ह्या नाहीत. गॅसचा सिलिंडर फक्त सकाळच्या चहा-डब्याला, बाकी स्वयंपाक कोळशाच्या अंगीठीवर. जुने स्वेटर उसवले, अमीनाबादेत एकच लोकरीचा गुंडा घेतला आणि दोघींना नव्यासारखे विणले. काटकसर ही गरिबाची लाचारी नाही, ती त्याची शिस्त आहे. ही शिस्त मी वर्षानुवर्षं व्यासपीठावरून सांगत आले. आता जगून दाखवते आहे.

आर्या माझ्याकडेच राहील. हे शेवटचं.

उल्का

*

निशातगंज, लखनौ
२० डिसेंबर १९९६

ताई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त 'मुलींच्या डब्यात काय देतेस ते कळव.' तू लहानपणापासून अशीच. मी अर्धा तास बोलले की तू एक प्रश्न विचारायचीस.

पराठा आणि लोणचं देते. कधी भाजी. इथे थंडीत कोबी-फ्लॉवर स्वस्त असतो, संध्याकाळी बाजार उठताना गेलं की आणखी स्वस्त. आमच्या निशातगंजच्या भाजीवाल्याला मी परवा सुनावलं, की सकाळी सहा रुपयांना देतोस तो फ्लॉवर रात्री दोन रुपयांना विकतोस, म्हणजे दिवसभर लोकांना लुटतोसच की. तो हसला. म्हणाला, "बहनजी, भाषण मुफ़्त का है, गोभी मुफ़्त की नहीं." मलाही हसू आलं. पण दोन रुपयेच दिले.

गेल्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकावर कामगारांच्या सभेत बोलले. जगदीश नको म्हणत होता. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसता म्हणूनच ही वेळ आली. वीस मिनिटं बोलले. अधिकारी खिडकीत येऊन उभे राहिले. टाळ्या खूप झाल्या. पगार झाला नाही.

आता एक गोष्ट तुला सांगते, जी फाटकावर सांगितली नाही. माझ्या शाळेत दर महिन्याला मी पंधराशे रुपयांवर सही करते आणि हातात आठशे घेते. सगळ्याच शिक्षिका घेतात. इतरांच्या हक्कांवर बोलणारी मी त्या टेबलापाशी मान खाली घालून पेन उचलते. सही केली नाही तर आठशेही जातील.

पण घरात आम्ही हरलेलो नाही. रोज जेवताना प्रत्येकाने सांगायचं, आज आपण काय वाचवलं. हा माझा नियम. जगदीश म्हणतो, पान खाल्लं नाही. सानिका म्हणते, मैत्रिणीचं पुस्तक उतरवून घेतलं. आर्याला तर हा खेळच वाटतो. परवा म्हणाली, "मम्मी, आज मैंने रबर के दो टुकड़े किए, आधा अगले साल के लिए." मराठी सगळी कळते तिला, उत्तर मात्र हिंदीत. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तिला थोडा खोकला आहे. या शहरात डिसेंबरात कोणाला नसतो? धुकं दुपारपर्यंत हलत नाही. आम्ही अंगीठी खोलीत घेतो, दारं-खिडक्या लावतो आणि चौघं रजईत बसतो. स्वयंपाकाचा कोळसा, त्यातच ऊब. एका खर्चात दोन कामं.

तू काळजी करू नकोस. करतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहिलं.

उल्का

*

निशातगंज, लखनौ
२१ जानेवारी १९९७

ताई,

आज मी खूप दिवसांनी आनंदात आहे, म्हणून तुझ्या पत्राची वाट न पाहता लिहिते.

रविवारी इथल्या मराठी मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तुला ठाऊक आहे, मी या प्रकारावर कधीपासून चिडून आहे. विधवेला बोलवायचं नाही, आणि सवाष्णींनी एकमेकींना प्लास्टिकच्या चाळण्या नि साबणाच्या वड्या वाणात लुटायच्या. बँकांतल्या, कंपन्यांतल्या साहेबांच्या बायका, कोणाला काय कमी आहे? दर वर्षी मी मनात कुढते. या वर्षी त्यांनी मला मुद्दाम आग्रह केला. मंडळाची चिटणीस सरोज, तिचे यजमान बँकेत आहेत, दोनदा घरी आली. "उल्काताई, या वर्षी यायलाच हवं. तुमच्याशिवाय वाण लुटायचं नाही असं ठरलंय."

मला वाटलं, माझं भाषण हवं असेल. मी केलं.

कोपऱ्यात चादरीखाली वाणाचा मोठा ढीग झाकून ठेवला होता. मी त्याच्याकडे बोट केलं. म्हटलं, "बायांनो, तो ढीग बघा! तो कोणासाठी? ज्यांच्या घरात आधीच भरलेलं आहे त्यांच्यासाठी! दान द्यायचं तर उपाशी पोटाला द्या. आपण एकमेकींची पोटं भरतो आणि त्याला पुण्य म्हणतो. आजपासून वाण बंद! जमलेलं सगळं अनाथाश्रमात जाऊ दे, आणि पुढच्या वर्षीपासून विधवा बहिणीही या सतरंजीवर बसू देत. हात वर करा!"

ताई, आधी एकही हात वर गेला नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मी समजले, नवा विचार पचायला वेळ लागतो. सरोज उठली, चादर थोडी सरकली होती ती नीट केली आणि म्हणाली, "असं नका करू उल्काताई. या वर्षापुरतं राहू दे." मी म्हटलं, "अन्यायाला या वर्षापुरती मुदत कोण देतं?" शेवटी एकेक हात वर आला. सरोजचा सर्वांत शेवटी. "जशी तुमची मर्जी," एवढंच म्हणाली.

आणि मी नुसती बोलून थांबले नाही. ते सामान मीच सायकलरिक्षात घालून अनाथाश्रमात नेलं. कितीतरी महिन्यांनी रिक्षात बसले, भाडं मंडळाने दिलं. सामान चांगलंच होतं. तांदूळ, तूरडाळ, चहा, तुपाचा डबा, साखर, दूध पावडर. या वर्षी चाळण्या नव्हत्या, हे मला आवडलं. कोणीतरी लहान मुलीचा हाताने विणलेला स्वेटरही ठेवला होता, मरून रंगाचा, आर्याच्या शाळेचा असतो तसा. आर्या पोत्यांवर बसली होती. तिने तो गालाला लावला आणि विचारलं, "मम्मी, ये सब किसका है?"

मी म्हटलं, "ज्यांना गरज आहे त्यांचं."

तिने तो घडी करून परत ठेवला. मला तिचा अभिमान वाटला.

तिला बारीक ताप येतो आहे संध्याकाळचा. क्रोसिन देते. परीक्षा जवळ आली की मुलांना येतोच.

उल्का

*

निशातगंज, लखनौ
१९ फेब्रुवारी १९९७

ताई,

हे पत्र दोनदा फाडलं. आता जे होईल ते लिहिते.

आर्याच्या फुप्फुसात डाग आहे. प्राथमिक क्षय म्हणाले. मी शाळेत असताना जगदीश तिला सायकलवर बसवून सरकारी इस्पितळात घेऊन गेला. मला विचारलं नाही. बरं केलं. मला विचारलं असतं तर मी आणखी एक आठवडा क्रोसिन दिली असती.

छातीचा फोटो घेऊन मी पुन्हा गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चिडलेल्या होत्या. "घर में अंगीठी जलती है? बंद कमरे में?" मी हो म्हटलं. "बच्ची दूध कितना लेती है?"

ताई, मी तुला 'निम्म्यावर' लिहिलं होतं. दूध दिवाळीपासून फक्त चहापुरतं येतं. डॉक्टरीणबाईंना मी हे खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या शुद्ध बोलण्याकडे, माझ्या खांद्यावरच्या शाळेच्या पिशवीकडे, आणि म्हणाल्या, "आप तो पढ़ी-लिखी हैं." औषध तिथे फुकट मिळतं. नऊ महिने द्यायचं. दूध, अंडं, डाळ, तूप, उघडी हवा हे फुकट मिळत नाही.

मी सगळा हिशेब नव्याने मांडला. मांडून मांडून बघितला. अंगीठी बंद केली तर गॅस दुप्पट लागतो. गॅस घेतला तर दूध नाही. दूध घेतलं तर सानिकाची बोर्डाची उरलेली फी नाही. जिथून घेते तिथे भोक पडतं.

मग सरोज आली. आर्याचं कळलं म्हणून आली होती. मोसंबी घेऊन. मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, "हे कशाला आणलंत?" आणि ती बाई, जी कधी आवाज चढवत नाही, ती एकदम उभी राहिली.

"आता हेही अनाथाश्रमात पाठवा."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे ते वाण तुमचं होतं, उल्काताई! सगळंच्या सगळं. आम्ही बावीस जणींनी मिळून जमवलं होतं. तीन महिन्यांचं वाणसामान. जगदीशभाऊंच्या कारखान्याचं कोणाला माहीत नाही? तुम्हाला पैसे दिले असते तर तुम्ही तोंडावर फेकले असते. तुमच्या सख्ख्या बहिणीची मनीऑर्डर तुम्ही परत केलीत, पोस्टमनने सगळ्या गल्लीला सांगितलंय. म्हणून वाण. वाण परत करत नाहीत, कोणी कोणाला का दिलं ते विचारत नाहीत. एकेकीने येऊन तुमच्या ओटीत घालायचं आणि काही बोलायचं नाही, असं ठरलं होतं. त्या एका दिवशी तरी तुम्ही गप्प बसाल असं वाटलं होतं आम्हाला."

"मग मला आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता?"

मी मोसंबी उचलून मांडीवर घेतली.

"तो स्वेटर मी विणला होता," ती म्हणाली. "आर्याच्या मापाचा. शाळेच्या फाटकापाशी उभी राहून अंदाज घेतला होता."

ती गेल्यावर मी मोसंबी सोलली आणि आर्याला भरवली. तिने एकेक फोड चोखून खाल्ली.

मी म्हणाले होते ते चूक होतं का, सांग मला. विधवांना बोलवा म्हटलं ते चूक? उपाशी पोटाला द्या म्हटलं ते चूक? मी तो प्रत्येक शब्द आजही पुन्हा बोलेन. पण मी ज्या उपाशी पोटाविषयी बोलत होते ते माझ्याच आर्याचं होतं, खाली सतरंजीवर बसून माझं भाषण ऐकत होतं. मी इतकी मोठ्याने बोलत होते की मला ते दिसलं नाही.

मंडळाकडे परत जाऊ? काय म्हणून जाऊ? ठराव माझाच आहे. त्यांच्यापैकी कोणी आता हिंमत करणार नाही, आणि केली तरी आता ती भीक होईल. वाण होणार नाही.

ताई, मी तुला काही मागत नाही. फक्त कळवते.

उल्का

*

निशातगंज, लखनौ
११ मार्च १९९७

ताई,

पत्र मिळालं. तू लिहिलंस, 'दत्तक नको, काही नको. बरी होईपर्यंत राहू दे. मधुसूदन न्यायला येतील.' एवढ्या तीन वाक्यांत तू मला वाचवलंस आणि मारलंस.

मी अटी लिहून काढल्या होत्या. नाव बदलायचं नाही. तुला 'आई' म्हणायचं नाही. पुढच्या मार्चला परत. अशा नऊ-दहा अटी होत्या. वाचून दाखवल्या तेव्हा जगदीश म्हणाला, "उल्का, आपण मागतो आहोत." बस, एवढंच. तो कागद मी या पत्रात घालत नाही.

मला माहीत आहे ती पुढच्या मार्चला परत येणार नाही. इथे कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागायचं चाललं आहे. तिथे उजेड आहे, अंगण आहे, मधुसूदन भावोजींचा पगार एक तारखेला होतो. आठ वर्षांच्या मुलीला वर्षभर पोटभर जेवण आणि एक निवांत बाई मिळाली, तर तिने या खोलीत परत का यावं? आणि मी कोणत्या तोंडाने बोलवावं? तू आठ वर्षांपूर्वी मागितलीस तेव्हा मी तुला सन्मानाने देऊ शकले असते. आता देते आहे ते माझ्या हातून सुटतं आहे म्हणून.

तिला सांगितलं. ती रडली नाही. जेवत होती. आपल्या रोजच्या खेळातला प्रश्न असावा तसं तिने विचारलं, "मम्मी, मेरे जाने से कितना बचेगा?"

तिचा चेहरा उजळला होता, ताई. टाळ्या वाजतील असं तिला वाटलं होतं.

सानिका ताटावरून उठून गेली. जगदीश भिंतीकडे बघत राहिला. मी तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं की तू खर्च नाहीस. तेच वाक्य मी तुला केवढ्या रुबाबात लिहिलं होतं. तिने थोडी वाट पाहिली आणि स्वतःच म्हणाली, "बहुत बचेगा न?"

भावोजींना कळव, परीक्षा चार एप्रिलला संपते.

उल्का

*

निशातगंज, लखनौ
७ एप्रिल १९९७

ताई,

हे भावोजींच्या हाती देते. गाडी संध्याकाळची आहे, ती झोपली आहे, तेवढ्यात लिहिते.

औषधाच्या गोळ्या हिरव्या पिशवीत आहेत. सकाळी उपाशीपोटी, एकही दिवस चुकवायचा नाही. लघवी लाल होते, घाबरू नकोस. दर महिन्याला वजन कर आणि मला आकडा कळव. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ती हिंदीत बोलेल. टोकू नकोस, येईल मराठी. धूप-अगरबत्ती लावू नकोस तिच्याजवळ.

आणखी एक गोष्ट. ही मला परवा कळली, म्हणजे तिची आई असून मला परवा कळली. भावोजी आम्हा सगळ्यांना हज़रतगंजात घेऊन गेले होते. त्यांनी तिच्यासाठी पुरी-भाजी मागवली. दोन पुऱ्या झाल्यावर ते प्रेमाने म्हणाले, "आर्या, आणखी हवी का गं?" ती म्हणाली, "नहीं मौसाजी, पेट भर गया." आणि मग तिने बशीतल्या भाजीचं तेल बोटाने पुसून घेतलं. कोणी बघत नाही असं समजून. मी बघत होते. मग मला आठवलं की कित्येक महिन्यांत या मुलीने माझ्याकडे दुसऱ्यांदा काही मागितलेलं नाही, आणि मी त्याला तिचं शहाणपण समजत होते.

म्हणून सांगते. हवं का, असं तिला कधी विचारू नकोस. विचारलंस की ती नको म्हणेल, आणि हसून म्हणेल, तुला खरं वाटेल. पानात घालत जा. ती हात आडवा धरेल, तरी घाल. न विचारता वाढ.

उल्का